गवंड्याचा गुण्या

पायाची आखणी मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती गावाकडच्या आमच्या जागेवर. सकाळी सातला मिस्त्री आले. सुतळीचं बंडल, सहा-सात लाकडी खुंट्या, एक टेप आणि फक्कीची पाटी, एवढंच सामान. रस्त्याला समांतर त्यांनी पहिली दोरी ताणली. कोपऱ्याच्या खुंटीपासून दुसरी दोरी अंदाजानेच आत नेली. मग पहिल्या दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर केली आणि टेपचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "दादा, खुणेवर धरा, ढिला सोडू नका." दोन खुणांमधलं अंतर ५ फूट १ इंच भरलं. मिस्त्रींनी दुसऱ्या दोरीची खुंटी उपटून जराशी आत ठोकली आणि पुन्हा मापलं. आता बरोबर ५ फूट. "आलं गुण्यात," ते म्हणाले आणि फक्की टाकायला लागले.

गुण्या म्हणजे गवंडी-सुतारांची काटकोनी लोखंडी पट्टी. कोपऱ्याला लावली की कोपरा बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. पण गुण्या हातभर लांबीचा, आणि आमचा पाया ४० फूट लांब, ३० फूट रुंद. हातभर लांबीत डोळ्याला न जाणवणारी चूक ४० फुटांवर चार बोटांची होते. म्हणून एवढ्या मोठ्या मापाला तीन-चार-पाचचा हा दोरीचा गुण्या.

त्या सकाळी माझ्या डोक्यात एक शब्द घोळत राहिला : क्वाड्रेचर. हा शब्द मला आयुष्यात तीन वेळा, तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटला. गणिताच्या पुस्तकात त्याचा अर्थ होता क्षेत्रफळ काढणं. खगोलशास्त्रात तो चंद्राच्या एका विशिष्ट स्थितीसाठी आला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोन विद्युत संकेतांमधल्या नात्याला तेच नाव होतं. शब्दकोशात हे अर्थ एक, दोन, तीन असे एकाखाली एक छापलेले असतात आणि एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दिसतात. मला मात्र ते तिघे एकाच घरातले वाटतात, आणि त्या घराचा पाया मिस्त्रींच्या दोरीने आखलेला आहे. काटकोनातल्या दोन दिशांमध्ये एक मोठा गुण असतो : त्या एकमेकींच्या कामात पाय घालत नाहीत. एका दोरीच्या दिशेने कितीही चालत जा, दुसऱ्या दोरीच्या दिशेने तुम्ही तसूभरही सरकत नाही. हा एवढासा गुण माणसाने कुठून कुठे नेला, ते या प्रकरणात पाहू.

चौरस करणे

लॅटिन भाषेत 'क्वाड्रातुरा' म्हणजे चौरस करणं. त्याच्या मुळाशी 'चार' आहे. आपला 'चौरस'सुद्धा संस्कृत 'चतुरस्र'वरून, म्हणजे चार कोपऱ्यांवरूनच आला. पण एखाद्या आकाराचा चौरस करायचा कशाला?

समजा दोन भावांच्या वाटणीत एकाला लांबट पट्टी आली आणि दुसऱ्याला तिकोनी तुकडा. जास्त कुणाला मिळालं? आपण लगेच गुणाकार करू. प्राचीन ग्रीक भूमितीत मात्र क्षेत्रफळाला आकड्यांची भाषा नव्हती. तिथे आकाराची तुलना आकाराशीच व्हायची. म्हणून त्यांनी दोन्ही तुकड्यांचे तेवढ्याच क्षेत्रफळाचे चौरस करायचं ठरवलं. चौरसाच्या दोन्ही दिशा सारख्या, त्यामुळे एक बाजू कळली की सगळं कळलं. दोन चौरसांच्या बाजू शेजारी ठेवल्या की वाटणीचा निकाल लागला.

हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ९ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आयत घ्या. एका सरळ रेषेवर ९ आणि त्याला लागून ४ मोजा, म्हणजे १३ सेंटिमीटरची रेषा झाली. तिला व्यास मानून कंपासने अर्धवर्तुळ काढा. आता ९ आणि ४ जिथे जुळतात त्या बिंदूवर गुण्या लावून लंब उभा करा आणि तो अर्धवर्तुळाला भिडेपर्यंत न्या. लंबाची लांबी मोजली तर ती नेमकी ६ सेंटिमीटर भरते. सहाचा चौरस ३६, आणि नऊ चोक ३६. कुठेही गुणाकार न करता आयताचा चौरस झाला. ही कृती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचा शेवट करते.

त्रिकोण हा आयताचा अर्धा भाग, म्हणजे त्याचाही चौरस होतो. सरळ बाजूंचा कोणताही आकार त्रिकोणांमध्ये कापता येतो. आणि दोन चौरस मिळून एक चौरस करायचा असेल, तर त्यांच्या बाजू काटकोनात ठेवायच्या. समोरचा कर्ण ही नव्या चौरसाची बाजू. आपण पायथागोरसचं प्रमेय म्हणून पाठ करतो ते हेच. सरळ बाजूंचं जग अशा रीतीने निकालात निघालं. अडलं ते वर्तुळापाशी.

हा प्रश्न आपल्याकडेही दोरीनेच मांडला गेला. 'शुल्ब' या शब्दाचा अर्थच दोरी. वैदिक यज्ञात गार्हपत्य अग्नीची वेदी गोल आणि आहवनीयाची चौरस, पण दोघींचं क्षेत्रफळ सारखं हवं. त्यामुळे बौधायनाच्या शुल्बसूत्रात गोलाचा चौरस आणि चौरसाचा गोल करण्याचे नियम आले. एक नियम असा : व्यासाचे १५ भाग करा, २ सोडा, उरलेले १३ ही चौरसाची बाजू. १५ व्यासाच्या वर्तुळाचं खरं क्षेत्रफळ सुमारे १७६.७ आहे, या नियमाने १६९ येतं. सूत्रकाराने या मापाला 'अनित्य' म्हणजे ढोबळ असं स्वतःच म्हटलं आहे. इजिप्तमध्ये सुमारे इसवी सनपूर्व १५५० मध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने लिहिलेल्या पपायरसवरचा नियम याहून जवळ जातो : ९ व्यासाचं वर्तुळ म्हणजे ८ बाजूचा चौरस. खरं क्षेत्रफळ ६३.६, त्यांचं ६४.

अचूक उत्तराचा ध्यास घेऊन लोकांनी पिढ्यानपिढ्या घालवल्या. आर्किमिडीजने वर्तुळाऐवजी पॅराबोला घेतला आणि त्याचा कापलेला तुकडा चौरसात नेऊन दाखवला. त्याने त्या तुकड्यात एक त्रिकोण बसवला. दोन्ही बाजूंना उरलेल्या फटींमध्ये आणखी दोन छोटे त्रिकोण बसवले, तर ते दोघं मिळून पहिल्याच्या पाव भरले. त्यानंतर उरलेल्या फटींत पुन्हा त्रिकोण बसवले, तर पावाचा पाव भरला. एक, अधिक एक चतुर्थांश, अधिक एक षोडशांश असं करत गेलं की बेरीज चार तृतीयांशाला टेकते. वक्र रेषेने बांधलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ असं नेमकं हातात आलं.

वर्तुळ मात्र दाद देईना. हे प्रयत्न इतके वाढले की १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने वर्तुळाच्या चौरसीकरणाचे लेख तपासणंच बंद केलं. अखेर १८८२ मध्ये जर्मन गणिती फर्डिनांड लिंडेमान यांनी सिद्ध केलं की पाय ही संख्या पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बैजिक समीकरणाचं उत्तर होऊ शकत नाही. पट्टी आणि कंपासने मिळणाऱ्या सगळ्या लांबी अशा समीकरणांची उत्तरं असतात. म्हणून ते चौरसीकरण अशक्य ठरलं. अचूक उत्तर अशक्य असलं तरी जवळच्या उत्तरात किती सौंदर्य असू शकतं, ते श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणात दाखवलं. त्यांच्या रचनेने काढलेला चौरस इतका जवळ जातो की १,४०,००० चौरस मैलांच्या वर्तुळाला बाजूत फरक पडतो जेमतेम एका इंचाचा.

वर्तुळापाशी हरलेला शब्द पुढे मोठा झाला. कोणत्याही वक्र रेषेखालचं क्षेत्रफळ काढण्याला क्वाड्रेचर म्हणायला लागले, आणि त्या वाटेने कलनशास्त्र जन्माला आलं. आजही संगणकाने क्षेत्रफळ काढण्याच्या पद्धतींना हेच नाव आहे. सिव्हिल डिप्लोमाची मुलं सर्वेक्षणाच्या तासाला वेड्यावाकड्या हद्दीच्या जमिनीच्या पट्ट्या पाडतात, प्रत्येक पट्टीला समलंब चौकोन मानून बेरीज करतात, तेव्हा ती क्वाड्रेचरच करत असतात.

समलंब चौकोनाची ही युक्ती किती जुनी आहे ते २०१६ मध्ये कळलं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातले मॅथ्यू ओसेनड्रेवर यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या बाबिलोनच्या मातीच्या पाट्या वाचल्या. त्या इसवी सनपूर्व ३५० ते ५० या काळातल्या. त्यांवर गुरू ग्रहाचा हिशेब होता. पहाटेच्या आकाशात गुरू पहिल्यांदा दिसला त्या दिवशी त्याची चाल दिवसाला १२ कला, आणि ६० दिवसांनी साडेनऊ कला. इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. मग या ६० दिवसांत तो किती सरकला? त्या ज्योतिर्विदांनी दोन चालींची सरासरी काढून ६०ने गुणलं : ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. चालीचा आलेख काढला तर हेच त्याखालच्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ. जमीन मोजण्याची रीत त्यांनी आकाशातल्या ग्रहाला लावली होती, आणि ती लावताना लांबी-रुंदीच्या जागी काळ आणि वेग या दोन बाजू ठेवल्या होत्या.

अष्टमीचा चंद्र

शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी सूर्य मावळत असताना गच्चीवर जा. एक हात मावळत्या सूर्याकडे करा, दुसरा चंद्राकडे. चंद्र डोक्यावर, दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास असतो. दोन्ही हातांमध्ये काटकोन होतो. त्या वेळी तुम्ही स्वतःच गुण्या झालेले असता. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि एखादी आकाशस्थ वस्तू यांच्यात ९० अंशांचा कोन झाला की खगोलशास्त्र म्हणतं, ती वस्तू क्वाड्रेचरमध्ये आली. पत्रिकेच्या भाषेत ग्रहांमधल्या अशाच अंतराला केंद्रयोग म्हणतात.

आपल्या पंचांगात ही स्थिती दर पंधरवड्याला छापलेली असते, फक्त आपण ती त्या नजरेने वाचत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. सात तिथ्या संपल्या की ८४ अंश. अष्टमी ८४ पासून ९६ अंशांपर्यंत. म्हणजे अष्टमीच्या बरोब्बर मध्यावर ९० अंश. वद्य अष्टमी २६४ ते २७६ अंशांची, तिचा मध्य २७०, म्हणजे दुसऱ्या बाजूचा काटकोन. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्माचा पाळणा हलतो त्या सुमारास पूर्वेला अर्धा चंद्र वर येत असतो, तो याच हिशेबाने.

अर्ध्या चंद्राकडे पाहून सूर्य किती दूर आहे हे मोजता येईल, हे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या अ‍ॅरिस्टार्कसला सुचलं. चंद्र नेमका अर्धा दिसतो तेव्हा चंद्रापाशी काटकोन असतो : सूर्याकडची रेषा आणि आपल्याकडची रेषा एकमेकींना लंब. मग आपल्यापाशी सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन मोजला की त्रिकोण पुरा झाला. अ‍ॅरिस्टार्कसने हा कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर आहे असं काढलं. खरा कोन आहे ८९ अंश ५१ कला, आणि खरं अंतर सुमारे ३९० पट. मोजमाप चुकलं, कारण काटकोनाच्या इतक्या जवळ कोनात थोडासा फरक पडला तरी अंतरात प्रचंड फरक पडतो. शिवाय चंद्र नेमका कधी अर्धा झाला हे डोळ्याने ठरवणं फार अवघड. पण युक्तिवादात चूक नव्हती. पृथ्वीवरून पाय न उचलता सूर्याच्या अंतराला हात घालणारी ही पहिली मांडणी मला मानवी बुद्धीच्या सर्वांत धाडसी झेपांपैकी एक वाटते.

तो ९ कलांचा फरक आणखी एक गोष्ट सांगतो. चंद्र अर्धा दिसतो तो क्षण आणि ९० अंशांचा क्षण एकच नसतो. शुक्ल पक्षात अर्धा चंद्र सुमारे १८ मिनिटं आधी होतो. सूर्य अनंत अंतरावर असता तर हे दोन्ही क्षण एक झाले असते.

ग्रहांच्या बाबतीत क्वाड्रेचर सगळ्यांच्या नशिबी नसतं. बुध सूर्यापासून फार तर २८ अंश दूर जातो, शुक्र ४७. दोघं पृथ्वीच्या कक्षेच्या आतले, ते ९० अंशांपर्यंत पोचूच शकत नाहीत. मंगळ, गुरू, शनी पोचतात, आणि मंगळावरून तर घरबसल्या त्याच्या कक्षेचं माप काढता येतं. प्रतियुतीच्या दिवशी सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत असतात. तिथून क्वाड्रेचरपर्यंत मंगळाला सरासरी १०६ दिवस लागतात. तेवढ्यात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे १०४.५ अंश फिरते, मंगळ सुमारे ५५.५ अंश. फरक ४९ अंश. हा झाला सूर्यापाशी होणारा कोन, आणि पृथ्वीपाशी काटकोन आहेच. ४९ अंशांची कोज्या ०.६५६. एकाला तिने भागलं की १.५२ मिळतात. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या १.५२ पट दूर आहे. कक्षा गोल मानून केलेल्या या साध्या त्रिकोणाचं उत्तर आजच्या मापाशी जुळतं. कोपर्निकसने सूर्याला मध्यभागी बसवल्यावर ग्रहांची अंतरं अशा त्रिकोणांमधून निघायला लागली, आणि सूर्यमालेचा नकाशा प्रमाणात काढता आला.

काटकोनाचं समुद्राशी असलेलं नातं कोकणातल्या कोळ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांत भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. भांगाला दोन्ही कमी. प्रवाहाच्या जोरावर पसरणाऱ्या डोल जाळ्याला पाण्याचा ओढा लागतो, म्हणून भांगाचे दिवस त्या मासेमारीला मंद. कारण असं : चंद्र समुद्राला दोन बाजूंनी फुगवतो, स्वतःकडच्या आणि त्याच्या विरुद्ध. सूर्यही तेच करतो, पण चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. दोघं एका रेषेत असले की दोन्ही फुगवटे एकावर एक चढतात. काटकोनात आले की चंद्राची भरती असते तिथे सूर्याची ओहोटी पडते आणि समुद्र शांतावतो. पंचांगातली अष्टमी अशी खाडीच्या पाण्यावर उमटते.

लहरीची कला

मराठीत चंद्राच्या बदलत्या रूपाला कला म्हणतात, आणि विज्ञानाच्या पुस्तकांत लहर आपल्या फेरीत कुठवर आली आहे यालाही कलाच म्हणतात. ज्याने हा शब्द निवडला त्याने फार नेमका निवडला. अमावास्या ते अमावास्या ही जशी चंद्राची एक फेरी, तशी शून्यावरून शिखराला, तिथून खाली दरीत आणि परत शून्यावर ही लहरीची एक फेरी. दोन सारख्या लहरींमध्ये पाव फेरीचं अंतर असलं की इलेक्ट्रॉनिक्स म्हणतं, त्या क्वाड्रेचरमध्ये आहेत. अमावास्येपासून अष्टमी जितकी दूर, तितकीच त्यातली एक लहर दुसरीपासून दूर.

हे पाहायला मान वर करून पंख्याकडे बघितलं तरी पुरे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. अशा विजेवर एकच गुंडाळी चालवली तर तिचं चुंबकत्व फक्त वाढतं, घटतं आणि उलटतं. ते फिरत नाही. जात्याच्या खुंट्याला नुसतं समोर ढकललं आणि मागे ओढलं तर पाळू फिरत नाही, बाजूलाही रेटा द्यावा लागतो आणि तोही योग्य वेळी, तसंच हे. म्हणून पंख्यात दोन वाइंडिंग असतात, वीजकाम करणारे त्यांना रनिंग आणि स्टार्टिंग म्हणतात. चुंबकीय दिशेच्या हिशेबाने ती एकमेकींशी काटकोनात बसवलेली असतात. दुसरीच्या वाटेत बसतो कंडेन्सर. तिच्यातला प्रवाह तो पहिलीच्या सुमारे पाव फेरी पुढे सरकवतो. विजेची एक फेरी २० मिलिसेकंदांची, तिचा पाव भाग ५ मिलिसेकंद. एकीचा जोर ओसरतो तेव्हा दुसरीचा शिगेला असतो. जागेतला काटकोन आणि काळातला काटकोन एकत्र आले की चुंबकत्व गोल फिरायला लागतं आणि पातीही. कंडेन्सर गेला की पंखा नुसता घुमतो. हाताने ढकललं तर त्या दिशेने कसाबसा फिरू लागतो. इटलीत तुरीनला गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेलं हे तत्त्व १८८८ मध्ये जगासमोर आलं.

कारखान्यात हाच काटकोन वेगळ्या रूपात भेटतो. मोटारीला लागणाऱ्या प्रवाहाचे दोन भाग असतात. एक विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, बरोबरीने चालतो आणि काम करतो. दुसरा पाव फेरी मागे असतो, चुंबकत्व उभं करून पुढच्या पाव फेरीत घेतलेली ऊर्जा परत देतो. त्याचं सरासरी काम शून्य, पण तारांमधून त्याची ये-जा होतच राहते. समजा कामाची वीज ४ किलोवॉट आणि अशी ये-जा करणारी ३ किलोव्हार. तारांवर भार किती? सात नाही. दोन्ही काटकोनात आहेत, म्हणून ५ किलोव्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८. मिस्त्रींची तीन-चार-पाचची दोरी इथे जशीच्या तशी ताणलेली आहे. कारखानदार कपॅसिटर बँक बसवतात ती यातली तीनची बाजू आखूड करण्यासाठी.

एकाच वाटेने दोन निरोप

आता काटकोनाचा तो गुण आठवा : दोन दिशा एकमेकींच्या कामात पाय घालत नाहीत. लहरींना तो लागू पडतो का? दोन झोपाळे शेजारी झुलताहेत, एकाने दुसऱ्याच्या पाव फेरी नंतर सुरुवात केली आहे. पहिला टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा बरोबर मध्यातून जात असतो. लहरींचंही तसंच. एक शिखरावर असते त्या क्षणी दुसरी शून्यावर. मग दोन लहरी एकाच तारेत किंवा एकाच हवेत मिसळून पाठवल्या, तरी घेणाऱ्याला त्या वेगळ्या करता येतात. दुसरी शून्यावर असते तेव्हा वाचायचं, म्हणजे फक्त पहिलीची उंची मिळते. पाव फेरीनंतर वाचलं की फक्त दुसरीची.

रंगीत दूरदर्शन या युक्तीवर उभं राहिलं. १९५३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केलेल्या पद्धतीत रंगाची माहिती देणारे दोन संकेत एकाच उपवाहक लहरीवर काटकोनात बसवले होते. अडचण एवढीच की वाटेत लहरीची कला थोडी ढळली की काटकोन ढळतो आणि माणसाचा चेहरा हिरवट दिसू लागतो. जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी पाल पद्धतीत यावर उपाय केला. त्यांनी दोनपैकी एका संकेताची कला दर ओळीला उलटवली, त्यामुळे एका ओळीतली चूक पुढच्या ओळीतल्या उलट चुकीने भरून निघते. आपल्याकडे १९८२ च्या १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पाल पद्धतीनेच.

आजच्या मोबाइलमध्ये हीच कल्पना पटावर मांडली गेली आहे. काटकोनातल्या दोन लहरींना प्रत्येकी आठ उंची ठरवून दिल्या की आठ उभ्या आणि आठ आडव्या मिळून ६४ घरं होतात. बुद्धिबळाचा पटच तो. पाठवणारा एका क्षणी एका घरात सोंगटी ठेवतो, घेणारा दोन उंची वाचून घर ओळखतो. एका घरातून सहा बिट्स माहिती जाते. हा ६४ क्वाम, म्हणजे क्वाड्रेचर अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन. १६ गुणिले १६ चा पट घेतला की २५६ घरं आणि आठ बिट्स. पण पट तेवढाच ठेवून घरं वाढवली की प्रत्येक घर लहान होतं, आणि वाटेतल्या गोंगाटाने सोंगटी शेजारच्या घरात सरकल्यासारखी दिसू लागते. म्हणून संकेत क्षीण झाला की फोन मोठ्या घरांचा पट घेतो : ६४ वरून १६, १६ वरून ४. घाटात व्हिडिओ अडखळतो त्यामागचं एक कारण हे.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांची तुलना करताना दोन आकडे काढावे लागतात, एक समकलेचा आणि एक पाव फेरी सरकवलेला. पहिल्या एकट्यावरून दूरच्या दीर्घिकेची लहर एका तबकडीवर आधी पोचली की नंतर, ते ठरत नाही. दोन्ही आकडे मिळाले की लहरीचा जोर आणि तिची कला दोन्ही कळतात, आणि त्यांतून आकाशाचं चित्र उभं राहतं. बाबिलोनच्या माणसाने गणिताचं क्वाड्रेचर आकाशाला लावून गुरू किती सरकला ते काढलं होतं. इथे खगोलशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सचं क्वाड्रेचर एका छताखाली काम करतात.

तीन, चार आणि पाच

मोजमाप करणाऱ्यांच्या बोलीत या शब्दाचा आणखी एक वापर आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चुकांची बेरीज करायची असेल तर ते त्या क्वाड्रेचरमध्ये मिळवतात. टेपमुळे ३ मिलिमीटरची चूक संभवते, दोरीच्या झोलामुळे ४ मिलिमीटरची. एकूण सात धरायची गरज नसते. दोन स्वतंत्र चुका दर वेळी एकाच दिशेला जोर लावत नाहीत, कधी एकमेकींना भर घालतात, कधी एकमेकींना कापतात. हिशेब केला तर एकूण अपेक्षित चूक निघते ५ मिलिमीटर. इथे कागदावर कुठेही कोपरा नाही, तरी हिशेब काटकोन त्रिकोणाचा. मला या शब्दाचा गाभा इथे सर्वांत उघडा दिसतो. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन गोष्टी एकत्र मोजायच्या असल्या की काटकोन आपोआप हजर होतो, मग त्या गोष्टी शेताच्या बाजू असोत, झुलत्या लहरी असोत किंवा हातून होणाऱ्या चुका.

मिस्त्रींचं त्या दिवशीचं शेवटचं काम राहिलं होतं. चारही कोपरे आखून झाल्यावर त्यांनी टेप पुन्हा उलगडला आणि कर्ण मापायला घेतले. ४० आणि ३०, म्हणजे कर्ण ५० फूट, सकाळची तीन-चार-पाचची दोरी दहापट झालेली. पहिला कर्ण ५० फूट भरला. दुसरा अर्धा इंच कमी. मी म्हटलं, अर्ध्या इंचाने काय होतंय. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चौथ्या कोपऱ्याची खुंटी उपटली, केसभर बाहेर सरकवून ठोकली आणि टेपचं टोक पुन्हा माझ्या हातात दिलं.